चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

१

माइस्टर आंटोन ब्रुकनर गेले तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलो होतो. परसातून बार ऐकू आला. शनिवारी दुपारी माइस्टर परसातल्या मातीच्या बांधावर दोन-चार गोळ्या झाडून बंदूक तपासायचे आणि मग हात धुऊन जेवायला यायचे, त्यामुळे मी मानही वर केली नाही. आवाज जरा फाटका वाटला, इतकंच. मीठ कुठे ठेवलंय ते शोधत होतो, तेवढ्यात फ्राउ हेडविगची किंकाळी आली आणि माझ्या हातातली सुरी खाली पडली.

परसात जे बघितलं ते तपशिलात सांगणार नाही. तेवढी हिंमत माझ्यात तेव्हाही नव्हती, आजही नाही. माइस्टर उताणे पडले होते. शेजारी त्यांच्या वडिलांच्या वेळची बंदूक होती आणि तिचा मागचा भाग फुटून उघडा पडला होता. गोळी पुढे जायची ती गेली असेल. पण दारूचा भडका आणि पितळाचे तुकडे उलटे मागे आले होते, थेट तोंडावर. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी श्रीरंग. साल एकसष्ट. हायडेलबर्गच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचं संशोधन करायला पुण्याहून आलेला, आणि जन्मजात भित्रा. ‘याला याची सावली दाखवू नका,’ असं माझी आईच पाहुण्यांना सांगायची. शहरात खोली मिळेना म्हणून मी आणि माझा मित्र विनय नेकारच्या काठी एका खेड्यात, बंदुका दुरुस्त करणाऱ्या या माइस्टरांच्या, म्हणजे उस्ताद कारागिराच्या, माडीवर राहायचो. त्यांची विधवा बहीण फ्राउ हेडविग घर सांभाळायची. कारखान्यात रोल्फ नावाचा एक कारागीर होता. तो आमच्याशी बोलायचा कमी आणि गुरकावायचा जास्त.

माइस्टरांचा दुसरा उद्योग म्हणजे काडतुसं पुन्हा भरणं. शिकाऱ्यांनी झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, घासून लख्ख करायच्या, त्यांत नवी दारू आणि नवी गोळी भरायची, की काडतूस पुन्हा तयार. घासायला एक लाकडी पिंप होतं. मोटारीवर गरागरा फिरायचं. त्यात पुंगळ्या आणि अक्रोडाच्या टरफलांचा चुरा टाकायचा आणि दिवसभर तो खळखळाट ऐकायचा. माइस्टरांची नजर अधू झाली होती, म्हणून हल्ली ते काम विनय करायचा.

संध्याकाळी हायडेलबर्गहून पोलीस आले. कोमिसार हेलर म्हणून एक उंच, थकल्या चेहऱ्याचा माणूस. त्यानं फुटलेली पुंगळी कागदात गुंडाळली, माइस्टरांनी आदल्या दिवशी भरलेल्या काडतुसांची पेटी ताब्यात घेतली आणि विचारलं, “ह्या पुंगळ्या साफ कुणी केल्या?”

रोल्फनं सरळ दाराकडे बोट दाखवलं. दारात विनय उभा होता. आदल्या सकाळी प्रयोगशाळेत गेलेला, रात्रभर तिथेच राहिलेला, आत्ता गाडीनं परत आलेला. आम्हा सगळ्यांकडे बघता बघता त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“यानं,” रोल्फ म्हणाला. “आणि त्या पिंपात हा कसलंतरी काळं काळं घालत होता. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

विनयनं माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाला, “श्रीरंग, अरे, माझ्या चिंचेनं मारलं रे त्यांना.”

२

झालं होतं ते असं. गुरुवारी अक्रोडाचा चुरा संपला. आता कुणीही शहाणा माणूस दुकानात गेला असता. पण विनयच्या आईनं साताऱ्याहून पार्सल पाठवलं होतं, त्यात मीठ लावलेला चिंचेचा हा एवढा गोळा. पितळ म्हटलं की चिंच! आपल्याकडे देवाची भांडी दुसऱ्या कशानं घासतात का? माइस्टरांना चकित करू म्हणून या पठ्ठ्यानं पिंपात भुसा घातला, चिंचेचा कोळ ओतला, वर चिंचोकेही टाकले आणि पिंप सुरू करून दिलं. मग जेवायला आला आणि पिंप रिकामं करायचं साफ विसरला. पुंगळ्या रात्रभर कोळात राहिल्या. शुक्रवारी सकाळी त्यानं त्या घाईघाईनं धुतल्या, कारखान्यातल्या शेगडीजवळ परातीत वाळत टाकल्या आणि गाडी गाठली. त्या दिवशी संध्याकाळी माइस्टरांनी परातीतल्या पुंगळ्या भरल्या. शनिवारी त्यांतल्या पहिल्याच काडतुसानं जीव घेतला.

हे सगळं त्या वेड्यानं कोमिसारला स्वतःहून सांगितलं. रडत, अडखळत, चिंचेला जर्मनमध्ये काय म्हणतात ते न आठवून, एक ‘आंबट भारतीय फळ’ असं.

“आल्झो, म्हणजे आम्ल,” कोमिसार म्हणाला. “तुम्ही पितळ आम्लात रात्रभर भिजवलंत आणि कुणाला सांगितलं नाहीत.”

त्यानं विनयचा पासपोर्ट खिशात घातला. गाव सोडायचं नाही, असं बजावलं. फुटलेली पुंगळी तपासणीला जाईल. निष्काळजीपणा ठरला तर तुरुंग, मुद्दाम केलेलं ठरलं तर काय ते त्यानं सांगितलंच नाही. ते न सांगणंच जास्त भयंकर होतं.

मी विनयला रात्रभर धीर देत होतो. “अरे, कर नाही त्याला डर कशाला?”

“कर आहे रे,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “चिंच मीच घातली. तुरुंगाचं मला काही नाही. पण म्हातारा मला ‘युंगे’ म्हणायचा, पोरा म्हणायचा. मी मारलं असेल तर मी घरी जाऊन आईला तोंड कसं दाखवू?”

मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. खालच्या मजल्यावर फ्राउ हेडविगनी स्वतःच्या खोलीला आतून कडी लावली. त्या घरात याआधी कधी कडी लावली गेली नव्हती.

३

पुढचे दिवस आम्ही सगळे भीतीत होतो, आणि प्रत्येकाची भीती वेगळी. विनय जेवेना. मी दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकवून झोपायचो. कुणाच्या भीतीनं ते मलाही सांगता आलं नसतं. रोल्फनं कारखान्यातली भरलेली सगळी काडतुसं परसातल्या पाण्याच्या पिंपात बुडवली आणि हात पुन्हा पुन्हा साबणानं धुतले. गावातले शिकारी माइस्टरांकडून भरून घेतलेली काडतुसं पिशव्यांतून परत आणून दारात ठेवून जायचे, आणि जाताना लगबगीनं जायचे. फ्राउ हेडविग तर कुणी नुसतं मागून बोललं तरी दचकायच्या. मी एकदा विचारलं, “तुम्हाला कसली भीती वाटते?” त्यांनी खिडकीची काच पुन्हा पुसायला घेतली. सारख्या काचाच पुसायच्या. अमोनियाच्या त्या बाटलीचा उग्र वास घरभर भरला होता.

न घाबरलेला एकच माणूस. फॉर्स्टर वायगांट, जंगलखात्याचा अधिकारी आणि गावच्या नेमबाजी मंडळाचा अध्यक्ष. माइस्टरांचा तीस वर्षांचा मित्र. दर गुरुवारी पत्ते खेळायला यायचा. लाकडं ओढायला त्याच्याकडे दोन घोडे होते आणि त्याच्या कोटाला तबेल्याचा असा झोंबरा वास यायचा की शेजारी बसलं की डोळ्यांत पाणी यावं. पण माणूस दिलदार. विनयच्या पाठीवर थाप मारून तोच एकटा म्हणाला, “पोरा, चूक कुणाकडूनही होते.” मला तर तो देवमाणूस वाटला.

त्याच्यावरून आठवलं. त्या शेवटच्या गुरुवारी पत्ते खेळताना माइस्टर अचानक म्हणाले होते, “सोमवारी मी हायडेलबर्गला जातोय. फार वर्षं गप्प बसलो. आता बसवत नाही.” मला वाटलं डॉक्टरकडे जाणार असतील. फ्राउ हेडविग पानं टाकून आत निघून गेल्या. फॉर्स्टर आपली पानं लावत राहिला.

बुधवारी दफन झालं. दुपारी मंडळाच्या मैदानावर माइस्टरांच्या स्मरणार्थ नेमबाजी होती. सगळ्यांनी दुकानातून विकत घेतलेली नवी कोरी, खोक्यातली काडतुसं आणली होती आणि तरीही बंदूक खांद्याला लावताना चेहरे पांढरे पडत होते. फॉर्स्टरनं मात्र खिशातून सुटी काडतुसं काढली.

“ही आंटोननंच मला भरून दिलेली,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “गेल्या उन्हाळ्यात. माझ्या मित्राच्या हातावर माझा विश्वास आहे.”

आणि धडाधड झाडली की! पापणी लवली नाही. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जवळच उभा होतो. त्याच्या बंदुकीतून उडालेली एक रिकामी पुंगळी गवतात माझ्या बुटाशी पडली. उचलून बघितली तर तिच्यावर मंद गुलाबी झाक होती. आमच्या देवघरातलं ताम्हन घासल्यावर दिसतं ना, तश्शी. मला इतकी घरची आठवण आली की मी ती खिशात टाकली आणि विसरून गेलो.

संध्याकाळी कोमिसार पुन्हा आला. या वेळी त्याच्याबरोबर निळ्या सुती साडीवर जाडजूड ओव्हरकोट घातलेली एक बाई होती. तिनं फाटकातूनच मराठीत हाक मारली, “चिंच घालणारा तो अर्धवट कोण?”

४

कुसुमताई हायडेलबर्गला धातूंच्या रसायनावर डॉक्टरेट करत होत्या. चाळिशीच्या, पुण्याच्या, खडकीच्या. वडील आयुष्यभर दारूगोळ्याच्या कामावर. पोलिसांनी ती फुटलेली पुंगळी तपासणीला पाठवली ती नेमकी यांच्या प्रोफेसरांकडे, आणि प्रोफेसरांनी ती यांच्या टेबलावर ठेवली. हायडेलबर्गमधले आम्ही मराठी विद्यार्थी सगळे त्यांना टरकून असायचो. बोलणं असं की समोरच्यानं उठून उभं राहावं.

विनय त्यांना बघून रडायलाच लागला.

“रडू नकोस. रडून पितळ सांधत नाही. मला एक सांग, शुक्रवारी सकाळी पुंगळ्या धुतल्यास तेव्हा कुठल्या रंगाच्या होत्या?”

विनयनं डोळे पुसले. “पिवळ्या... नाही, ताई. गुलाबी. जरा गुलाबी पडल्या होत्या. फार वेळ राहिल्या ना.”

“हे पोलिसांना सांगितलंस?”

“त्यांनी रंग विचारलाच नाही.”

“हूं.” ताईंनी पर्समधून आमसुलाचा तुकडा काढून तोंडात टाकला. विचार करताना त्यांना ते लागायचंच. “पितळात तांबं आणि जस्त असतं. आंबटात फार वेळ ठेवलं की वरचं जस्त निघून जातं, तांबं उघडं पडतं. म्हणून गुलाबी. पण ते वरवरचं. त्यानं पितळ फुटत नाही. फुटत असतं तर आपल्या आज्यांच्या घागरी कधीच फुटल्या असत्या.”

मग त्यांनी एकेकाला स्वयंपाकघरात बोलावलं. कोमिसार कोपऱ्यात बसून राहिला. मी दुभाष्या म्हणून होतो खरा, पण ताईंचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं होतं.

फ्राउ हेडविगना त्यांनी अमोनियाची बाटली दाखवली. “ही कारखान्यात कधी नेता का?”

“नाही! कधीच नाही!” बाईंचा चेहरा राखेसारखा झाला. “मी काही केलं नाही. मला काही माहीत नाही. मला काही विचारू नका.”

“शुक्रवारी दुपारी कारखान्यात कोण होतं?”

“आंटोन झोपला होता. रोल्फ गावात गेला होता. मी वर खिडक्या पुसत होते. कोण आलं, कोण गेलं, मला दिसलं नाही.” हे त्या इतक्या भरभर म्हणाल्या की मलासुद्धा कळलं, दिसलं होतं.

रोल्फ आला तो टोपी हातात चुरगाळत. ताईंनी त्याला विचित्रच काहीतरी विचारलं. “माइस्टरांनी कधी कुणाच्या पुंगळ्या घेऊन या भरायच्या नाहीत म्हणून परत केल्या होत्या?”

रोल्फनं टोपी टेबलावर ठेवली. “एकदा. वसंतात. ओरडलेच होते. ह्या फेकून दे, कुणाचा तरी जीव जाईल, म्हणाले.” मग त्यानं दाराकडे बघितलं आणि आवाज उतरला. “पण कुणाच्या ते मी सांगणार नाही. मला या गावात राहायचंय.”

कोमिसार उठला. “सांगावं लागेल.”

“नको, राहू द्या,” ताई म्हणाल्या. “त्याला भ्यायला कारण आहे. श्रीरंग, तुझ्या खिशात मघापासून काय खुळखुळतंय?”

मी खिशात हात घातला, ती पुंगळी टेबलावर ठेवली आणि ती झाडताना मैदानावर फॉर्स्टर काय म्हणाला तेही सांगितलं. दिव्याखाली ती गुलाबी दिसत होती. विनयनं ती उचलून उजेडात फिरवून बघितली.

“ही माझी आहे,” तो म्हणाला. “ही माझ्या परातीतली आहे.”

५

माझी तर पाचावर धारण बसली. ताईंनी दार लावून घेतलं आणि कोमिसारच्या पेटीतलं एक काडतूस त्या पुंगळीशेजारी उभं केलं. माइस्टरांनी शुक्रवारी भरलेलं. ते पिवळंधमक होतं. गुलाबीचा लवलेश नाही.

“बघितलंत?” ताई म्हणाल्या. “माइस्टरांनी विनयच्या पुंगळ्या भरल्याच नाहीत. परातीत दुसऱ्याच होत्या.”

“दुसऱ्या कुठल्या?” कोमिसारनं विचारलं.

“आजारी. फुटलेल्या पुंगळीत सूक्ष्मदर्शकाखाली मला बारीक चिरा दिसल्या. आतून पसरलेल्या. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. असं दुखणं पितळाला अमोनियाच्या वाफेनं लागतं. माझे वडील सांगायचे, इंग्रजांच्या काळात पलटणीची काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की आपोआप तडकायची. घोड्याच्या मुताची वाफ आणि ओल. साहेबाला बरीच वर्षं कळलंच नव्हतं का ते.”

“घरात अमोनिया आहे,” कोमिसार म्हणाला. “बहिणीकडे.”

“आहे. पण पुंगळ्या कारखान्यात होत्या शुक्रवारी सकाळ ते संध्याकाळ. काचा पुसायच्या बाटलीनं एवढ्या वेळात एवढ्या खोल चिरा पडत नाहीत. त्या कित्येक महिने ओल्या तबेल्यात राहिलेल्या पुंगळ्या होत्या. नंतर घासून चकाचक केल्या. माइस्टरांच्या अधू डोळ्यांना रंगातला फरक दिसला नाही. आणि चिंचेचं त्यांना माहीतच नव्हतं, तेव्हा गुलाबी असायला हव्यात हेही माहीत नव्हतं.”

आता माझ्या मठ्ठ डोक्यातही उजेड पडायला लागला, आणि तो उजेड मला नको होता. तबेला. झोंबरा वास. विनयच्या पाठीवरची ती थाप.

“पण तो तर घाबरला नाही, ताई!” मी म्हणालो. “सगळ्या गावात तोच एकटा. उगाच कुणी... कर नाही त्याला डर कशाला?”

“तुझी म्हण उलटी करून बघ, श्रीरंग. या घरात ज्यांनी काही केलं नव्हतं त्या सगळ्यांना डर आहे. कारण कुठलं काडतूस फुटेल ते त्यांना माहीत नाही. न घाबरायला ते माहीत असावं लागतं.” त्यांनी ती गुलाबी पुंगळी उचलली. “आणि गेल्या उन्हाळ्यातलं काडतूस परवाच्या चिंचेनं गुलाबी कसं होईल? विनयच्या पुंगळ्या उचलून नेल्या; चांगलं पितळ होतं, फेकवलं नाही त्याला. घरी नेऊन भरलंन् आणि मिरवलंन्.”

“हा पुरावा वकील दोन मिनिटांत उडवून लावेल,” कोमिसार म्हणाला. “म्हणेल, पुंगळी या मुलांनीच तिथे टाकली.”

“गेनाऊ, अगदी तसंच. म्हणून त्यालाच विचारू या. उद्या दुपारी बोलवा इथे.” ताईंनी मग रोल्फला हाक मारली आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. रोल्फनं एकदा दाराकडे बघितलं आणि मान डोलावली.

त्या रात्री खुर्चीवर माझी ट्रंकही चढवली मी.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी परसात आम्ही सगळे जमलो. मातीच्या बांधासमोर टेबल मांडलं होतं. त्यावर दोन बशा आणि प्रत्येक बशीत एकेक काडतूस. एक गुलाबी, एक पिवळं. फॉर्स्टर आला तो हसत, खांद्यावर स्वतःची बंदूक. त्याच्या कोटाचा वास आला आणि मी दोन पावलं मागे सरकलो.

“फॉर्स्टर वायगांट,” कोमिसार म्हणाला, “दोन्ही काडतुसं याच कारखान्यातली आहेत. परत आलेल्या काडतुसांचं काय करायचं ते ठरवायचंय. ती सुरक्षित आहेत का बघायला हवं. झाडून बघायला कुणी तयार होत नाही. गावात न भ्यालेले असे तुम्हीच.”

“भ्यायचं काय त्यात?” फॉर्स्टर म्हणाला.

त्यानं बशांकडे बघितलं. क्षणभरच. त्याचा हात सरळ गुलाबीकडे गेला. त्यानं ते बंदुकीत सरकवलं आणि बांधाकडे वळला.

“थांबा,” ताई म्हणाल्या. “ते राहू द्या. हे दुसरं घ्या.”

“का? हे आहे की.”

“दोन्ही सारखीच. हे घ्या.” त्यांनी पिवळं काडतूस तळहातावर त्याच्यासमोर धरलं.

फॉर्स्टरचं हसू तसंच होतं, फक्त आता ते चेहऱ्यावर नुसतं राहिलं होतं. “ते चिरलेलं दिसतंय.”

“चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मला सूक्ष्मदर्शक लागला होता. तुम्हाला कसं कळलं?”

पाण्याच्या पिंपात नळाचं पाणी ठिबकत होतं, तेवढंच. त्याच्या कपाळावर घाम आला. आणि मला पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर ती ओळखीची गोष्ट दिसली जी आठवडाभर आम्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर होती. भीती. एवढ्याशा पिवळ्या काडतुसाची.

मग बंदूक हलली. नळी आमच्या बाजूला वळली की नाही यावरून विनय आणि मी आजही भांडतो. विनय म्हणतो, वळली नाही. मी म्हणतो, मला नळीचं काळं भोक दिसलं, आणि ते दिसलं की माणूस विसरत नाही. मी विनयच्या खांद्यामागे तोंड लपवलं.

“त्यात दारू नाही,” कोमिसार शांतपणे म्हणाला. “दोन्हींत नाही. रोल्फनं काल पिवळ्यातली काढली आणि गुलाबीत नुसती गोळी बसवली. खाली ठेवा.”

फॉर्स्टरनं बंदूक टेबलावर ठेवली. रोल्फ एकदम पुढे आला. आवाज फाटला होता त्याचा. “वसंतात माइस्टरांनी परत केलेल्या पुंगळ्या याच्याच! तबेल्यात टांगलेल्या! मी होतो तिथे!”

“तो माझा मित्र होता,” फॉर्स्टर म्हणाला. “मी त्याला का मारीन?”

“कारण सोमवारी आंटोन सरकारी वकिलाकडे जाणार होता.”

आम्ही सगळे वळलो. फ्राउ हेडविग दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

“युद्धाच्या अगदी शेवटी,” त्या म्हणाल्या, “पांढरा रुमाल घेऊन एक पोरगा जंगलातून येत होता. आपल्याच गणवेशातला. सतराचा असेल. पळून चालला होता घरी. यानं त्याला गोळी घातली, लाकडाच्या ढिगामागे. अमेरिकन दोन दिवसांनी आले. आंटोननं पाहिलं होतं. मला सांगितलं होतं. आम्ही दोघं गप्प बसलो, सगळं गाव गप्प बसलं. आता त्याला झोप लागेना. आणि शुक्रवारी दुपारी मी वरच्या खिडकीतून याला कारखान्यातून बाहेर पडताना बघितलं. कोटाचा खिसा फुगलेला. मी तेव्हाही गप्प बसले.”

फॉर्स्टर खुर्चीवर बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण अंग सैल पडलं होतं त्याचं. “मरेल असं वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. “हात जायबंदी होईल, महिनाभर दवाखान्यात पडेल, तोवर मी समजूत काढीन...” कोमिसारच्या माणसांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेलं.

विनय तिथेच परसात मटकन खाली बसला. ताई त्याच्याजवळ गेल्या. मला वाटलं आता काहीतरी झोंबणारं बोलणार. पण त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुझ्या चिंचेनं नाही मारलं रे त्यांना,” त्या म्हणाल्या. “तुझ्या चिंचेनं मारणारा धरून दिला. आईला तसंच लिही.”

मग तो ओक्साबोक्शी रडला, आणि खरं सांगतो, मीही रडलो.

७

विनयला पासपोर्ट परत मिळाला. त्या रात्री त्यानं बटाट्याचं सूप दोनदा मागून घेतलं. फ्राउ हेडविग वाढत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

सोमवारी सकाळी त्या माडीवर आल्या. काळा कोट, काळी टोपी, हातात पर्स. आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी दाराच्या मुठीखालची खुर्ची काढून ठेवली होती, ती त्यांना बसायला दिली. त्या बसल्या नाहीत.

“आंटोन आज... म्हणजे गेल्या सोमवारी जाणार होता,” त्या म्हणाल्या. “त्याच्या खुनाबद्दल मी कोमिसारला सांगितलं. पण त्या पोराबद्दल सही करून सांगायला हायडेलबर्गला जायला हवं. त्याची आई कुठेतरी असेल. तिला ठाऊक नसेल तो कुठे गेला ते.” मग पर्सची कडी उघडली, मिटली. “गावात आता कुणी मला नमस्कार करत नाही. काल रात्री खिडकीवर दगड आला. तुम्हाला आज प्रयोगशाळेत जायचंच असेल, तर... एकाच गाडीनं जाऊ या का?”

विनय बूट घालायलाच लागला होता.

“भीती वाटते का?” मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

“हो,” त्या म्हणाल्या. “फार.”

मलाही वाटत होती. दगड कुणी मारला ते कुणाला माहीत! स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर एकेका घराचा पडदा हलत होता, आणि मी दर पडद्याला मान खाली घालत होतो. विनयनं त्यांचा एक हात धरला होता. थोडं पुढे गेल्यावर दुसरा मी धरला. तो थंडगार होता, का माझाच होता, देव जाणे. तसेच आम्ही तिघं स्टेशनात शिरलो आणि फ्राउ हेडविगनी खिडकीशी जाऊन स्पष्ट आवाजात हायडेलबर्गची तीन तिकिटं मागितली.